तुम्ही विचारलंत म्हणून: एका '.पीवाय'ची सात वर्षं

"मॅडम, पुस्तकात आहे तस्संच टाइप केलं, तरी 'कमांड नॉट फाउंड' येतंय." दर बॅचला पहिल्याच आठवड्यात हे ऐकायला मिळतं. स्क्रीनवर काय असणार ते मी न बघता सांगते: जँगो-अ‍ॅडमिन.पीवाय स्टार्टप्रोजेक्ट, म्हणजे जँगो या वेबसाइट बनवायच्या पायथन फ्रेमवर्कमध्ये नवा प्रोजेक्ट सुरू करायची जुनी कमांड. मधलं '.पीवाय' खोडायचं, एन्टर मारायचा, प्रोजेक्ट तयार. मग हमखास पुढचा प्रश्न येतो: नाव बदललंच कशाला? आणि बदलायचंच होतं, तर फाइंड-रिप्लेस करून एका दुपारी का नाही उरकलं? वर्गात याला वेळ नसतो, म्हणून इथे लिहितेय.

जँगोचं हे टूल सुरुवातीला एक साधी पायथन फाइल होती. इन्स्टॉल करताना ती जशीच्या तशी बिन फोल्डरमध्ये, म्हणजे कमांड असतात तिथे, जाऊन बसायची, आणि फाइलचं नाव हीच कमांड व्हायची. म्हणजे ती कशाने बनली आहे हेसुद्धा वापरणाऱ्याने दरवेळी टाइप करायचं. गिट बऱ्याच अंशी सीमध्ये लिहिलंय म्हणून कोणी गिट.सी टाइप करतं का? डेबियन या लिनक्सच्या नियमावलीत तर स्पष्टच म्हटलंय की पाथमधल्या (म्हणजे कुठूनही नुसत्या नावाने चालणाऱ्या) कमांडच्या नावात भाषेचं एक्सटेन्शन असू नये. विंडोजवर आणखी वेगळी गंमत. ज्याच्या मशीनवर .पीवाय फाइली एडिटरला जोडलेल्या असत, त्याने कमांड दिली की प्रोजेक्ट बनायच्या ऐवजी समोर एडिटरच उघडायचा.

सप्टेंबर 2014 मध्ये जँगो 1.7 आलं, आणि त्यात शेपटी नसलेलं जँगो-अ‍ॅडमिन आलं. जुनं नाव मात्र शेजारीच ठेवलं. त्याच आवृत्तीत डेटाबेसमधली टेबलं बनवणाऱ्या सिंकडीबी या कमांडची जागा मायग्रेटने घेतली, सिंकडीबी 1.9 मध्ये गेलंसुद्धा. '.पीवाय'ला ऑगस्ट 2020 मध्ये, 3.1 मध्ये, डेप्रिकेटेड (म्हणजे 'चालतंय, पण लवकरच जाणार') ठरवलं आणि डिसेंबर 2021 मध्ये 4.0 मधून काढलं. इतका उशीर का, तर माझ्या मते जुनं नाव कोणाच्या पायात येत नव्हतं. सिंकडीबी ठेवायचं म्हणजे जुनी वागणूकही सांभाळायची. इथे नुसती चार ओळींची फाइल पडून होती.

फाइंड-रिप्लेसचं म्हणाल, तर कोडबेसमध्ये शोध मारल्यावर जे सापडतं ते सगळं बदलायचं नसतं. मार्गदर्शिका बदलायची, टर्मिनलमध्ये कमांड आपोआप पूर्ण करणारी बॅश कम्प्लिशनची स्क्रिप्ट बदलायची. पण जुन्या आवृत्त्यांच्या रिलीज नोट्स? त्यात '.पीवाय'च हवं, कारण तेव्हा तेच खरं होतं. आणि खरी अडचण अशी की ते नाव जिथे सगळ्यात जास्त वापरलं जातं ती ठिकाणं त्या कोडबेसमध्ये नसतातच. ती साइट सर्व्हरवर चढवणाऱ्या, लोकांच्या डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये असतात, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये असतात, कॉलेजच्या झेरॉक्स नोट्समध्ये असतात.

माझंच सांगते. एका ग्राहकाची मराठी-इंग्रजी साइट मी जँगो 3.2 वरून 4.2 वर नेली. टेस्ट हिरव्या, साइट सुरू, मी खूश. तीन आठवड्यांनी तिथल्या बाईंचा फोन आला. "अहो, बाकी सगळं मराठीत दिसतंय, नवीन बटणं तेवढी इंग्रजीत का?" भाषांतरं जिथे लिहितो ती पीओ फाइल उघडली तर भाषांतरं जागेवर होती. तिच्यावरून कम्पाइल होणारी आणि साइट प्रत्यक्षात वाचते ती एमओ फाइल; सर्व्हरवरच्या तिची तारीख मात्र अपग्रेडच्या आधीची. शेवटी डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये ती ओळ सापडली: जँगो-अ‍ॅडमिन.पीवाय कम्पाइलमेसेजेस, आणि पुढे सगळे एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकलून 'ऑर ट्रू', म्हणजे कमांड फसली तरी 'ठीक' समजायचं. लिहिणारी मीच, कधीतरी कंटाळून. कमांड सापडत नव्हती, स्क्रिप्ट 'सगळं ठीक' म्हणत होती, आणि जुन्या एमओवर जुनं मराठी निवांत चालू होतं. आधीच्या आवृत्तीने दिलेले इशारेही त्याच खड्ड्यात गेले असणार. 'ऑर ट्रू' तेव्हापासून मी लिहिलेलं नाही.

ज्यांनी हे नाव काढलं त्यांनी मात्र काम निगुतीने केलं. डेप्रिकेट करताना त्या जुन्या फाइलमध्ये एक तपासणी घातली. 4.0 आल्यावरही ती फाइल कोणाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथन फोल्डरमध्ये) चुकून मागे राहिली, तर ती नुसती कोसळत नाही, मी 3.1 मध्ये डेप्रिकेट झाले, 4.0 मध्ये गेले, आता मला हाताने काढून टाका आणि जँगो-अ‍ॅडमिन वापरा, अशा अर्थाचा निरोप देते. आपल्यानंतर काय करायचं ते आधीच लिहून ठेवणारी फाइल मी दुसरी पाहिलेली नाही.

हे सगळं सांगून झालं की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "मग मॅनेज.पीवायचं काय? त्याला अजून शेपटी आहेच की." आहे, कारण प्रत्येक नव्या प्रोजेक्टमध्ये आपोआप बनणारी ती पाथमधली कमांड नाही, तुमच्या प्रोजेक्टमधली, तुमची स्वतःची फाइल आहे. तुम्ही ती उघडू शकता, बदलू शकता. ती आधी तुमच्या सेटिंग्ज कुठे आहेत ते सांगते आणि मग त्याच कमांड चालवते.

आणि त्यानंतर, दर बॅचला, न चुकता: "म्हणजे मॅडम, जँगो-अ‍ॅडमिन म्हणजे ते लॉगिनवालं अ‍ॅडमिन पॅनल ना?"

नाही. ते वेगळं. त्या नावातला खरा गोंधळ घालणारा शब्द अजून तसाच आहे.