चाळिशीत समाजशास्त्र: कम्युनिटी कॉलेजचा माझा अनुभव

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजला, ना कटऑफ, ना डोनेशन. अर्ज भरला की तुम्ही आत. त्यामुळेच की काय, आपली मंडळी नाक मुरडतात. "मुलांच्या कॉलेजच्या वयात तू काय दप्तर घेऊन निघालीस?" इति सासूबाई, नाशिकहून फोनवर.

खरी गोम फीमध्ये आहे. राज्याचे रहिवासी ठरलात तर सेमिस्टरच्या एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर, २०१२ पासून हाच दर. म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला. नाही ठरलात तर कित्येक पट. रहिवासी ठरायला टर्मआधी किमान वर्षभर राज्यात राहिल्याचे आणि इथेच राहायचा विचार असल्याचे पुरावे लागतात: टॅक्स रिटर्न, लायसन्स वगैरे. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्यांनाही हे जमतं, शिकायला वेगळा एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा लागत नाही. इथल्या कितीतरी बायकांना हे ठाऊकच नसतं.

मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, सगळंच घ्यावंसं वाटत होतं. काउन्सेलरबाईंनी आधी असिस्ट डॉट ऑर्ग ही वेबसाइट उघडायला लावलं: इथला कुठला विषय पुढे कुठल्या विद्यापीठात धरला जातो, ते तिथे कळतं. संख्याशास्त्र काही टळत नाही. बी.कॉम.मुळे स्टँडर्ड डेव्हिएशन काढायला हात सरावलेला होता, पण इथे उत्तराखाली "याचा अर्थ काय?" हेही लिहायचं असतं, आणि निम्मे मार्क त्यालाच.

सगळ्यात आवडला तो निरीक्षणाचा गृहपाठ. सार्वजनिक जागी तासभर बसायचं, वहीच्या डाव्या बाजूला फक्त दिसलं ते, उजवीकडे आपण लावलेला अर्थ. मी इंडियन ग्रोसरीत काउंटरजवळ उभी राहिले. डावीकडे: "बाईंनी कोथिंबिरीच्या तीन जुड्या उचलल्या, दोन परत ठेवल्या." उजवीकडे मी लिहिलं, "काटकसर." सरांनी बाजूला विचारलं, "की जुड्या शिळ्या होत्या?" तेव्हापासून गप्पांतसुद्धा माझी जीभ जरा अडखळते.

मग सामाजिक स्तरीकरणाचा, म्हणजे समाजातल्या उच्चनीच थरांचा, धडा आला. जन्माने मिळालेला थर बदलता येत नाही अशा बंदिस्त व्यवस्थेचं उदाहरण म्हणून भारतातली जात, जेमतेम दोन परिच्छेद. अख्ख्या वर्गाच्या माना माझ्याकडे वळल्या. (वर्गात मी एकटीच भारतीय. शेजारी रात्रपाळी करून येणारी नर्सिंग असिस्टंट, पलीकडे सैन्यातून परतलेला मुलगा.) पुढच्या तासाला मी आंबेडकरांबद्दल बोलले: १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातीवर निबंध वाचला होता, आणि जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे असं मांडलं होतं. नर्सिंगवालीने सरळ विचारलं, "मग तुझं लग्न?" जातीतच, पत्रिका बघून. सांगितलं. आडनावामुळे मला काय काय आयतं मिळालं, याचा हिशोब नाशकात कधी कुणी मागितला नव्हता.

आता ट्रान्सफरचं, म्हणजे इथून विद्यापीठात जाऊन पदवी पुरी करण्याचं, बघतेय. ट्रान्सफरसाठीची ६० युनिटांची एए-टी ही कम्युनिटी कॉलेजची पदवी घेतली की कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठात जागेची हमी असते. अमुकच कॅम्पस मिळेल अशी मात्र नाही. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसवर हमीचा वेगळा करार करता येतो, त्यात बर्कली आणि लॉस एंजेलिस नाहीत. मला कॅल स्टेटचं सॅन होजे स्टेटच हवंय. घरापासून लाइट रेल आहे आणि धाकटीची शाळा सुटायच्या आत परतता येतं.