बाठा हापूसचा, आंबा भलताच

लहानपणी मी परसात हापूसचा बाठा पुरला होता. आजोबा तेव्हाच म्हणाले होते, "अरे बाठ्याला हापूस धरत नाही, कलमच लागतं." मी कुठला ऐकतोय. बऱ्याच वर्षांनी झाडाला आंबे लागले, ते तंतू तंतूवाले आणि आंबट ढाण.

परवा जनुकीय विविधता कशी मोजतात ते वाचताना एकदम ते झाड आठवलं आणि ट्यूब पेटली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून, त्या वेगळ्या निघाल्या की ते झाड त्या जागी 'हेटरोझायगस'. मोजायचं म्हणजे पानातून डीएनए काढायचा आणि तीच तीच अक्षरं परत परत येणारे तुकडे बघायचे (मायक्रोसॅटेलाइट म्हणतात त्यांना), दोन्ही प्रतींत ती अक्षरं किती वेळा आलीत ते मोजायचं, बास. हापूसमध्ये अशा वेगळ्या जोड्या भरपूर, म्हणून बाठ्यात पत्ते नव्याने पिसले जातात, वर परागकण भलत्याच झाडाचा, मग हापूस येणार कुठून!

आता गंमत बघा. कलमांची शंभर झाडांची बाग घ्या आणि एका जागी सगळ्यांत एक प्रत 'अ' आणि एक 'ब' आहे असं धरा. झाडं बियांपासून आपापली वाढली असती तर साधारण निम्मीच अ-ब निघाली असती, उरलेली अ-अ नाहीतर ब-ब. बागेत मात्र शंभरच्या शंभर अ-ब! नुसता हा आकडा बघणारा म्हणेल वा काय विविधता आहे, पण ती सगळी एकेका झाडाच्या पोटात, झाडाझाडांत जवळपास शून्य. शंभर झाडं म्हणजे एकच झाड शंभर वेळा. म्हणून झाडाच्या आतली आणि झाडाझाडांतली अशी दोन्ही मापं घ्यावी लागतात, हे मला आत्ता या वयात कळलं.

चित्त्याचं याहून वाईट. 1983 साली जनुकशास्त्रज्ञ स्टीफन ओब्रायन आणि मंडळींनी दक्षिण आफ्रिकेतल्या 55 चित्त्यांच्या रक्तातली 47 प्रथिनं तपासली, एकातही फरक सापडला नाही. पुढे नात्यात नसलेल्या चित्त्यांची कातडी एकमेकांना लावून पाहिली तर शरीराने ती परकी म्हणून झिडकारलीच नाही. म्हणजे तिथे आतही सारखं आणि बाहेरही सारखं.

खरी चंगळ रायवळची, प्रत्येक झाड बाठ्यातून आलेलं, कुठे बिटकी, कुठे लिंबाएवढा, चवही दर झाडाची निराळी. पण भाव नाही म्हणून तोडतात आणि तिथे कलमं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'रत्ना' काढला तोसुद्धा नीलम आणि हापूस यांच्या संकरातून, नुसत्या हापूसच्या कलमावर कलम करत बसून नवीन काही निघालं नसतं.

माझं आंबट झाड अजून उभं आहे. आई त्याच्या कैऱ्या लोणच्याला काढते, म्हणते हापूसच्या कैरीला ही चव नाही.