बेसिक किती?

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या वर्गशिक्षकांवर लिहायला घेतलं. मी लिहितोय अण्णांवर. ते इथे शिकवायला कधीच नव्हते, इथे शिकले होते. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकच्या सुरुवातीच्या तुकड्यांतले. गुणवंतांच्या फलकावर त्यांचं नाव नाही, कारण गणितात ते जेमतेम काठावर पास झाले होते. हे ते स्वतःच हसत सांगत. पुढे आयुष्यभर लोकांचे पगार मोजले, तो भाग वेगळा.

सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाहायला लागला आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं आखातात जाऊ लागली. अण्णा कुवेतला स्टोअरकीपर होते. १९८३ साली एमिग्रेशन कायदा झाला, परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची झाली, बँक गॅरंटी लागू लागली. तेव्हा ते परत आले आणि कुर्ल्याला दोन खोल्यांत त्यांनी रिक्रूटमेंटचं ऑफिस थाटलं. मी ८७ची दहावी. मुंबईत आलो तो सरळ त्यांच्या टेबलासमोर. टायपिंग येत होतं, तेवढ्यावर घेतलं.

या धंद्याबद्दल गावात चांगलं बोललं जात नसे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माणसाला लागणारा खर्च कंपनीने करायचा, पण कंपनीकडूनच व्हिसा विकत घेऊन ते पैसे गरजूकडून दामदुप्पट काढणारे एजंट पैशाला पासरी होते. त्याच्यावर सबएजंटचं कमिशन. पीओई म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, परदेशी कामाला जाणाऱ्यांना मंजुरी देणारा सरकारी अधिकारी. त्याच्या शिक्क्याशिवाय एअरपोर्टवरून ‘पुशिंग’ करून देणारे, म्हणजे चोरवाटेने माणूस विमानात बसवून देणारे वेगळेच. अण्णाही सर्व्हिस चार्ज घेत, धर्मादाय खातं नव्हतं ते. पण पावती देत. त्या गल्लीत पावती देणारा माणूस बावळट समजला जाई.

त्यांची खरी जागा म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर सही होण्याआधीचं टेबल. शटरिंग सुतार असो की वेल्डर, ट्रेड टेस्ट पास झाला, मेडिकलला फिट निघाला, की त्याला समोर बसवायचं. आपल्याच तालुक्यातला एक मुलगा दुबईसाठी निवडला गेला होता, तो प्रसंग डोळ्यांपुढे आहे. स्वारी खुशीत होती.

“अण्णा, बाराशे दिरहम देतायत.”

“बाराशे राहू दे बाजूला. बेसिक किती?”

त्याला काही कळेना. अण्णांनी कागद त्याच्याकडे फिरवला. बोट ठेवून वाचायला लावलं. बेसिक सातशे, बाकी जेवणाचा आणि कसला कसला अलाउन्स.

“आता ऐक. ओव्हरटाइम धरणार तो या सातशेवर. पाच वर्षांनी सुटशील तेव्हा वर्षाला एकवीस दिवसांचे पैसे मिळतील, तेपण या सातशेवरच. बाराशे म्हणून घरी सांगू नकोस, आई जमिनीचा सौदा करून बसेल.”

मुलगा गेला, गेलाच. सातशे बेसिकवर गेला, पण समजून गेला. असल्या कंपन्यांशी अण्णा बेसिक वाढवून मागण्यासाठी भांडत, कधी जमे, बऱ्याचदा नाही. त्या भांडणांपायी दोन-तीन मोठ्या पार्ट्या हातच्या गेल्या.

कागदाच्या बाबतीत तर ते पिसाटच होते. कॉन्ट्रॅक्टची, पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवून जा, म्हणजे जाच. पोरं कंटाळायची. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि माणसं इराकमार्गे जॉर्डनला, अम्मानला पोचली. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाच्या वर माणसं मुंबईला आणली. दिनार हातात होते, पण कोण घेणार? पुढे संयुक्त राष्ट्रांकडून नुकसानभरपाईचे फॉर्म आले, तेव्हा ‘मी तिथे होतो आणि तिथून बाहेर पडलो’ याचा पुरावा लागत होता. कोकणातल्या पत्र्याच्या ट्रंकांमधून त्या झेरॉक्स बाहेर आल्या. आम्ही रात्री बसून फॉर्म भरले. आपल्या ऑफिसने पाठवलेला नसला तरी भरला.

शाळेशी त्यांचा संबंध आला तो दाखल्यावरून. आपल्याकडे मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख आठवली नाही की मास्तर १ जून लिहून मोकळे. त्यामुळे अण्णांच्या फायलींतला निम्मा कोकण एकाच दिवशी जन्मलेला! त्यांची स्वतःचीही तीच. पासपोर्टवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं असलं की ते आपल्या शाळेच्या क्लार्कना ट्रंककॉल लावत, जनरल रजिस्टर काढायला लावत. पुढे दहावी पास असणाऱ्याला एमिग्रेशन चेकची, म्हणजे त्या पीओईच्या शिक्क्याची, गरज उरली नाही, तेव्हा आठवीत-नववीत शाळा सोडलेल्यांच्या मागे ते हात धुऊन लागले. बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भर, मग माझ्याकडे ये. तिशीतले गवंडी आपल्या शाळेच्या बाकांवर परीक्षेला बसले ते यामुळे. फी मात्र ज्याची त्याने भरायची, फुकटात कोणी अभ्यास करत नाही असं त्यांचं मत. मला ते पटायचं नाही, एकदोघांसाठी तरी हात सैल सोडायला हवा होता.

नात्यातल्यांनाही हाच न्याय. सख्ख्या भाच्याला टेस्टमध्ये नापास केला, म्हणून बहिणीने दोन गणपती त्यांना घरी बोलावलं नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेले. मस्कत, दोहा, शारजाहून फोन येत राहिले, नेहमीची विमानं बंद, येणार कोण.

ऑफिस आता त्यांची लेक चालवते. सगळं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर, झेरॉक्सचा ढीग गेला. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिच्या डोक्यात जर्मन भाषेचे वर्ग आहेत. मुलं इथली, तर वर्गही इथेच हवा असं तिचं म्हणणं. मुख्याध्यापकांना विचारलं. शाळा सुटल्यावर आठवी ‘ब’ची खोली मोकळी असते म्हणाले, पंखा तेवढा दुरुस्त करून घ्या.