कोगनोळीचा नाका ओलांडल्यावर

मी विमा कंपनीच्या पॅनलवरचा वकील. म्हणजे दाव्यात जखमीच्या विरुद्ध बाजूला उभा राहणारा माणूस. लोकांना आमचं काम पैसे बुडवायचं वाटतं. खरं तर आमचा निम्मा वेळ कागद जमवण्यात जातो.

ही केस आली तेव्हा अगदी साधी वाटत होती. करवीरमधले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक कुटुंबासह स्वतःच्या बोलेरोने कर्नाटकातल्या सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनाला निघाले होते. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे, तवंदी घाटात गाडीनं एका मोटारसायकलस्वाराला उडवलं. पाय गेला त्याचा. गाडीचे मालक गुरुजीच आणि ते कोल्हापूरचे, म्हणून दावा कोल्हापुरात. पंचनामा आणि चार्जशीट मात्र कन्नडमध्ये. भाषांतराचे पैसे पानागणिक मोजायचे आणि वर भाषांतरकाराचं मराठी परत मराठीत आणायचं!

चार्जशीटमध्ये ड्रायव्हरच्या परवान्याबद्दल चकार शब्द नव्हता. तिकडच्या पोलिसांनी त्याच्या खिशातलं कार्ड पाहिलं, मुदत शिल्लक होती, विषय संपला. मी सवयीनं आरटीओतून परवान्याचा उतारा काढला आणि त्यात निलंबनाची नोंद सापडली. मोबाईलवर बोलत गाडी चालवताना पकडला म्हणून तीन महिने. अपघात त्याच तीन महिन्यांतला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कार्ड लगेच जमा करायचं असतं. यानं केलं नव्हतं आणि कुणी मागितलंही नव्हतं. आपल्याकडे आदेश निघाला की काम झालं, असं खात्याला मनापासून वाटतं.

उताऱ्याचा नुसता कागद दाखवून भागत नाही. कारकुनाला समन्स काढून, रजिस्टरसकट पिंजऱ्यात उभं करावं लागतं. तीन तारखा त्यातच गेल्या.

एवढं करूनही बचाव अर्धाच होता. अपात्र ठरवलेला माणूस त्या काळात गाडी चालवत असेल तर कंपनीला हरकत घेता येते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालापासून मालकाचा निष्काळजीपणाही आम्हीच शाबीत करायचा. गुरुजींनी ‘मी कार्ड बघून गाडी दिली, बाकी मला ठाऊक नाही’ एवढं म्हटलं असतं, तर माझ्याकडे फारसं काही उरलं नसतं. त्यांच्या वकिलांनीही तेच पढवलं असणार.

उलटतपासात मी सहज विचारलं, “घरातून निघताना गाडी कोण चालवत होतं?”

“मीच.”

“मग अपघाताच्या वेळी तो कसा?”

“कोगनोळीचा नाका ओलांडून चहाला थांबलो, तिथनं त्याच्याकडं दिली.”

“तिथेच का?”

गुरुजी जरा थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. “त्याचं लायसन महाराष्ट्रात बंद होतं, साहेब. तिकडं चालतंय म्हणाला. मलाबी खरं वाटलं. आरटीओ आपल्याकडचं न्हवं का?”

त्यांच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. न्यायाधीशांनी स्टेनोला शांतपणे सांगितलं, “हे म्हणणे खरे आहे की, चालकाचा परवाना निलंबित असल्याचे मला माहीत होते.” गुरुजींचं अख्खं बोलणं त्या एका ओळीत बसलं.

परवाना काढला जातो एका राज्यात, पण कलम 13 प्रमाणे चालतो देशभर. बंद पडतो तोही देशभर. बंद असताना गाडी चालवली तर कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, आणि गाडी दिली म्हणून मालकावर कलम 180 वेगळं. पोलिसांनी यातलं काहीच लावलं नव्हतं. ड्रायव्हर आज दुसऱ्या कुणाची तरी गाडी चालवतोय.

निकाल ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा लागला. जखमीला कंपनीने अकरा लाख आणि वर व्याज दिलं, याचं मला बरंच वाटलं. आता ते गुरुजींकडून वसूल करायचे. वसुलीच्या दरखास्तीचं वकीलपत्र माझ्याकडेच आलंय आणि त्यांच्या जमिनीचा सातबारा काढायला मी ज्युनिअरला सांगितलंय.

निकालाच्या दिवशी ते जिन्यात भेटले. मी नजर चुकवणार होतो, तर त्यांनीच नमस्कार केला.

“वकीलसाहेब, चहा घराकडनंच पिऊन निघालो असतो तर?”

मी ‘बघू’ म्हणालो. काय बघणार होतो, कुणास ठाऊक.