किट शून्य दाखवतं तेव्हा

पन्हाळा रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवरून ऑक्टोबरात फोन आला. अंगणातल्या खाऱ्या पाण्याच्या स्पामध्ये, म्हणजे बसायच्या गरम पाण्याच्या टाकीत, क्लोरीन टिकतच नाही, आणि त्यात बसून उठलेल्या पाहुण्यांच्या अंगाची आग होतेय. या दोन तक्रारी एकमेकींशी जुळत नव्हत्या. पाण्यात क्लोरीन नसेल तर जंतू वाढतील, पुरळ उठायला एखाद-दुसरा दिवस लागेल. पण बाहेर येताक्षणी आग होणार नाही.

घर सांभाळणारे मामा वाटच बघत होते. "रोज टाकतोय साहेब, तरी शून्यच दावतंय बघा. पाणी क्लोरीन खाऊन टाकतंय." पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, मात्र चढाच येतो म्हणून ॲसिडही चालू होतं. ते पाणी तपासायच्या किटवर दिसेल तसंच इमानदारीनं वागत होते.

मी झाकण उचललं आणि वास नाकात गेला. झाकणाची आतली बाजू पांढरट पडली होती, डोकं टेकायच्या उशीला बोट लावलं तर तुकडा हातात आला. मग सेल, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून विजेवर क्लोरीन बनवणारा भाग, काढून बघितला. स्पा बोअरच्या पाण्यानं भरलेला, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर दिसायला हवा होता. पट्ट्या लख्ख होत्या. म्हणजे थर विरघळवण्याइतकं पाणी आम्लधर्मी होतं, किट काहीही म्हणो.

मामांना म्हटलं, माझ्यासमोर टेस्ट करा. त्यांनी नळीत डीपीडीची, म्हणजे क्लोरीन असलं की गुलाबी होणाऱ्या रसायनाची, गोळी टाकली. नीट बघितलं तर तळाशी गुलाबी रंगाची एक रेघ उमटली आणि क्षणात विरली; पाणी पुन्हा स्वच्छ. क्लोरीन फार झालं की डीपीडीचा रंगच ते उडवून टाकतं. मग मी १ भाग स्पाचं पाणी आणि ९ भाग डिस्टिल्ड वॉटर घेतलं. नळी गुलाबी झाली, आकडा आला ४. दहापट करा: ४० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅम. असायला हवं ३ ते ५. पीएचचंही तेच. एवढ्या क्लोरीनमध्ये पीएच दाखवणारा रंग, फिनॉल रेड, जांभळा पडतो, आणि बघणाऱ्याला पीएच चढल्यासारखा वाटतो. नमुन्यात थायोसल्फेटचा थेंब टाकून क्लोरीन मारलं, तेव्हा रंग पिवळाधमक आला, पीएच ६.८ च्या खाली. पीएच स्थिर ठेवणारी अल्कलिनिटी जेमतेम ३०.

मामा गप्प बसले. मला त्यांचं वाईट वाटलं, कारण ही गोष्ट किट देताना सांगायला हवी, आणि ती कुणी सांगत नाही.

पावसाळाभर घर बंद होतं. सेल मात्र पूर्ण जोरात चालू, आणि वर झाकण. उघड्या तलावात ऊन क्लोरीन उडवत राहतं, माणसं उतरली की त्यांच्यामुळेही ते खर्च होतं. झाकलेल्या, माणसं नसलेल्या स्पात ते जाणार कुठं? मिठापासून सेल ते बनवतच राहतो, वायू झाकणाखाली कोंडतो. त्यात मामांची रोजची भर.

उपाय साधा होता. सेल बंद केला, झाकण काढून बाजूला ठेवलं. पाण्यात क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर जवळजवळ नव्हतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात क्लोरीन भराभर उतरलं. उन्हं कलेपर्यंत ५ वर आलं. टाकी १५०० लिटरची. अल्कलिनिटी ६० वर न्यायला ७५ ग्रॅम खायचा सोडा पुरला. पीएचसाठी दुसरं काही घातलं नाही, फक्त हवेचे जेट सुरू केले. बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पीएच आपसूक चढतो. ७.४ वर आल्यावर जेट थांबवले.

सेल सगळ्यात खालच्या टप्प्यावर लावला. खाऱ्या स्पाचा पीएच जेट आणि सेलमुळे वरच सरकत राहतो, त्यामुळे पुढं कधीतरी थोडं ॲसिड लागेलच. पण अल्कलिनिटी ६० च्या आसपास ठेवली तर ते क्वचित. हीटरच्या आत ॲसिडनं किती खाल्लंय ते तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. गळती दिसली तर लगेच कळवा म्हटलं. निघताना मामांनी विचारलं, "मग आता शून्य आलं तर?"

"आधी पातळ करून बघा, मामा. बाटलीला हात लावायचा नंतर."