आमची वाटचाल : उणे दोनवर अडकलेला आकडा

वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानदाराला परवडेल असा आरएफ पॉवर मीटर (सेट किती ताकदीच्या रेडिओलहरी सोडतो हे मोजणारं यंत्र) करायचा, एवढ्यासाठी मी नोकरी सोडली. भोसरीत भाड्याचा गाळा, एक जुना सिग्नल जनरेटर आणि हाताखाली भाचा. मीटरच्या आत एडी८३०७ ही लॉग डिटेक्टर चिप, म्हणजे सिग्नलची ताकद डेसिबलच्या (डीबी) प्रमाणात व्होल्टमध्ये सांगणारी. डेटाशीटप्रमाणे ती उणे ७५ ते अधिक १७ डीबीएम मोजते; शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. मी तीच रेंज डब्यावर छापली आणि पहिले बारा मीटर विकले.

पंधरा दिवसांत एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, मीटर एकच आकडा धरून बसलाय." लगेच त्याच्या दुकानात गेलो. ५ वॅटचा व्हीएचएफ सेट, मध्ये सिग्नल हजारपट कमी करणारा ३० डीबीचा ॲटेन्युएटर. सेट हायवर ठेवला, ६२० मिलिवॅट. लोवर म्हणजे १ वॅटवर घेतला, तरी ६२०! ॲटेन्युएटर जळला असेल म्हणून बदलून पाहिला, फरक नाही. मग झाकण काढून चिपच्या आउटपुटला मल्टीमीटर लावला. हायवर २.२७ व्होल्ट, लोवर २.१. चिप बिचारी बरोबर सांगत होती. चिपचे व्होल्ट आकड्यात बदलणाऱ्या एडीसीला रेफरन्स, म्हणजे मोजायची वरची मर्यादा, मी दिली होती २.०४८ व्होल्ट, आकडे बारीक दिसावेत म्हणून. एका डीबीला २५ मिलिव्होल्ट या हिशेबाने उणे २ डीबीएमच्या वर (ॲटेन्युएटरचे ३० डीबी मिळवले की तेच ६२० मिलिवॅट) मीटरला काही दिसणारच नव्हतं. जनरेटर शून्याच्या वर नेऊन एकदाही न तपासता मी माल दिला होता. बाराही मीटर परत मागवले आणि ४.०९६ चा रेफरन्स फुकट बसवून दिला. त्या महिन्याचं गाळ्याचं भाडं थकलं.

रेंजच्या खालच्या टोकाने मात्र जास्त छळलं. बाहेरचा सिग्नल येऊ नये म्हणून इनपुटला ५० ओहमचं टर्मिनेशन लावूनही मीटर उणे ५२ च्या खाली उतरेना. आउटपुटला पाव व्होल्ट हवं तिथे ८०० मिलिव्होल्ट, आणि डब्याजवळ हात नेला की आकडा हलायचा! या चिपला एकच फ्रिक्वेन्सी निवडणारं ट्यूनिंग नसतं, ५०० मेगाहर्ट्झपर्यंतचं जे येईल ते सगळं ती ऐकते. आधी स्वतःच गोंगाट करणारा स्विचिंग सप्लाय काढून बॅटरी जोडली, उणे ६३ पर्यंत आलो. उरलेलं प्लॅस्टिकच्या डब्यातून शिरत होतं. भाच्याने तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, कारण त्याला सोल्डर छान धरतं. चारही कडा झाळून पेटी केली, आत जाणाऱ्या प्रत्येक वायरला, तिच्यावरून येणारा आरएफ पत्र्यातच जिरवणारा फीडथ्रू कपॅसिटर लावला. रात्री साडेदहाला स्क्रीनवर उणे ७२ आलं. भाचा दोन मिनिटं नुसता बघत उभा होता.

आता प्रत्येक मीटर उणे ७० पासून अधिक १० पर्यंत दहा-दहा डीबीने तपासतो आणि त्याचे आकडे हाताने लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतो. डब्यावरची छपाई बदलली. त्या पहिल्या गिऱ्हाइकाने नंतर आणखी दोन मीटर नेले.