मध्यभारताचं लायसन : मूळ, नक्कल आणि थोडी भर

मंडळी, नाटकवाल्यांसाठी करत होतो ती जुन्या ड्रायव्हिंग लायसनची नक्कल बाइंडरकडून आली एकदाची. मधल्या काळात माझ्या जुन्या लायसनांच्या संग्रहातही भर पडली, तेव्हा सगळं एकदमच लिहून टाकतो.

आधी मूळ. इंदूरच्या राणीपुऱ्यातल्या एका अटालेवाल्याकडे (म्हणजे भंगारवाल्याकडे) जुन्या बिलबुकांच्या गठ्ठ्यात मध्यभारताच्या काळातलं एक लायसन मिळालं. इंदूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो : होळकर, शिंदे आणि आसपासची लहान संस्थानं मिळून 28 मे 1948 ला मध्यभारत झाला आणि 1 नोव्हेंबर 1956 ला तो मध्यप्रदेशात विलीन झाला. या राज्याच्या नावाने कागद छापले गेले ते जेमतेम साडेआठ वर्षं. बाकीचे होळकरशाहीच्या मागे धावतात, मी मध्यभारताच्या. भाव अजून चढलेला नाही. कृपा करून तुम्ही चढवू नका.

नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला : ‘महाराजांचं लायसन आहे का हो?’ इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांची, गर्नी नटिंग या इंग्लिश कंपनीने बॉडी बांधलेली ड्यूसेनबर्ग मोटार जगभर गाजली, त्यामुळे लोकांचं मन तिकडेच जातं. माझ्याकडची लायसनं मात्र गाड्या चालवणाऱ्यांची आहेत, गाड्या बाळगणाऱ्यांची नाहीत. आणि मला विचाराल तर वाचण्यासारखं यांच्यातच जास्त असतं.

याचंच बघा. फोटोतल्या कोटाच्या काळ्या भागावर तिरका उजेड पाडला की चांदीसारखी झाक दिसते. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोतली चांदी वर येते ती अशी. जांभळा शिक्का अर्धा गालावर, अर्धा कागदावर. पण खरा माल आहे नूतनीकरणाच्या पानांवर. सुरुवातीच्या नोंदींत फी रुपये-आण्यांत, शेवटच्या दोन नोंदींत नये पैसे. म्हणजे त्या दोन 1 एप्रिल 1957 नंतरच्या, तारीख पुसट असली तरी बिघडत नाही. तिथेच ‘मध्यभारत’वर शाईची रेघ ओढून बाजूला मध्यप्रदेशचा रबरी शिक्का मारलाय. कोऱ्या लायसनला जास्त पैसे मोजणारे लोक मला कळत नाहीत. नोंदींनी भरलेलं घ्या.

खरं-खोटं ओळखायला हीच युक्ती पुढे नेता येते. ‘नये’ हा शब्द 1 जून 1964 पासून गेला. अशोकस्तंभाची मुद्रा स्वातंत्र्याआधीच्या कागदावर असणार नाही. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला; साठच्या दशकातल्या कागदावर सहा आकडी पिन दिसला की हात जोडून निघा. आणि नोटा तपासायचा निळा टॉर्च खिशात ठेवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. 1930 चा म्हणून दाखवलेला कागद त्या उजेडात निळा झळकला तर संशय घ्याच.

आता नक्कल. प्रयोगातलं दृश्य नंतर कॅमेऱ्यावरही घेणार आहेत, म्हणजे लायसन अगदी जवळून दिसणार. लेझर प्रिंट तिथे उघडं पडतं, कारण खिळ्यांच्या (धातूच्या टाइपच्या) छपाईत पानाच्या मागे बोट फिरवलं तर उठाव लागतो. मजकुराचा झिंक ब्लॉक, म्हणजे जस्ताचा ठसा, करून घेतला आणि ट्रेडल या जुन्या छपाईयंत्रावर छापलं. बांधणी कापडी, पुठ्ठ्याला मैद्याची खळ, फेव्हिकॉल नाही.

जुनं दिसण्याचं प्रकरण मात्र वेगळंच आहे. पडद्यावर जुना कागद म्हणजे चहात बुचकळून काढलेला, सगळीकडे सारखा पिवळा! खिशातला कागद असा जुना होत नाही. हात लागतो तिथेच तो मळतो. मूळ लायसनमध्ये फोटोचं पान कडेला काळवंडलंय, कण्याशी चीर गेली आहे, खालचा उजवा कोपरा गोल झालाय. कोर्टाच्या शेऱ्यांची पानं मात्र करकरीत, कारण ती कोणी उघडलीच नाहीत. गाडीवान सरळमार्गी असावा. मी तेच उचललं : कोपऱ्यांना बारीक पॉलिश पेपर, बोटाला उदबत्तीची राख लावून फक्त फोटोच्या पानाची कड, आणि मग पँटच्या मागच्या खिशात घालून स्कूटरवर सियागंज, जेल रोड, राजवाडा. इंदूरच्या उन्हातल्या घामाने जे केलं ते कुठल्याही रंगाने झालं नसतं.

नक्कल करणाऱ्यांनी पथ्यं पाळायलाच हवीत. माझ्या पुस्तिकेवर राज्याचं नाव काल्पनिक आहे आणि आतल्या कव्हरवर ‘नाटकाचे साहित्य’ असं छापलंय. राजमुद्रा नाही, तिच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. चालू स्मार्ट कार्डाची नक्कल कोणासाठीही नाही. एका गृहस्थांनी स्वतःच्या नावाने ‘जुनं’ लायसन मागितलं, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

दुसरी भर म्हणजे नात्यातल्या एका आजोबांचा आंतरराष्ट्रीय परवाना. 1949 च्या जिनिव्हा करारातल्या नमुन्याचा : राखाडी कव्हर, पांढरी पानं, 148 बाय 105 मिलिमीटर, शेवटचं पान फ्रेंचमध्ये. मुदत एकच वर्ष, त्यामुळे मळायला वेळच मिळाला नाही. दिसायला रुक्ष आहे, पण घरातला आहे, तेव्हा अदलाबदलीत जाणार नाही.

ठेवणीबद्दल विचारणा झाली होती. लॅमिनेशन अजिबात नको, एकदा केलं की सुटत नाही. पीव्हीसीचे पाऊचही नकोत, पावसाळ्यात फोटो त्यांना चिकटतो. मी पॉलिस्टरचे पाऊच वापरतो, डब्यात सिलिका जेल, आणि गंजलेली पिन दिसली की ती हळूच काढून वेगळ्या पाकिटात. आणि फोटो टाकताना नाव, पत्ता, सही झाका. लायसन तुमचं असलं तरी माणूस कोणाच्या तरी घरचा आहे.

पुढचं काम जर्मन राखाडी लायसन. पश्चिम जर्मनीत 1986 पर्यंत तेच चालायचं, नंतर गुलाबी आलं. कोणाकडे जादा असेल तर कळवा. बदल्यात संस्थानी रेव्हेन्यू स्टॅम्प देईन, मध्यभारताचं काहीही देणार नाही.